एकसष्ट निरोप आणि एक नाव

अत्-बाशी,
२ सप्टेंबर

प्रिय एर्के,

कुबातच्या मिनीबसमधून हे पत्र पाठवते आहे. सोबत वाळवलेल्या दह्याच्या कुरुतची पिशवी आणि करंटच्या फळांच्या मुरंब्याच्या दोन बरण्या. एकच पोचली तर कुबातला विचार.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. घरात रेंज येते ती फक्त खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी आई बसलेल्या असतात. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर काय बोलायचं? शिवाय मी फोनवर बोलायला लागले की त्यांना वाटतं, ही कोण परकी बाई आपल्या घरच्या गोष्टी बाहेर सांगते आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी त्यांच्या लेखी सून नाहीच. मी डॉक्टरीणबाई. "डॉक्टरीणबाई, तुम्हाला घर नाही का?" असं रोज विचारतात. आहे म्हणते. मग म्हणतात, "जा की मग." अठ्ठावीस वर्षं या घरात चूल फुंकली, त्याचा हा निकाल.

कामाचं सांगते. आईंचा जुना फोन फुगलाय. मागचं झाकण वर आलंय, मी रबरबँड लावून ठेवलाय. त्यात मामंजींच्या आवाजातले निरोप आहेत, ते कुरणावर असताना टेकडीवर चढून आईंना पाठवायचे ते. चार उन्हाळ्यांचे मिळून एकसष्ट. रोज जेवणाच्या वेळी मी त्यातला एक लावते. "बायबिचे, अगं मालकीणबाई, चहा निवतोय. आधी खाऊन घे, मग गुरं बघ." एवढं ऐकलं की आई चमचा उचलतात. माझ्या सांगण्यानं उचलत नाहीत, तुझ्या दादाच्याही नाही. नवऱ्यानं सांगितलं तरच खायचं, तोही जाऊन सहा वर्षं झालेला नवरा.

फोन बंद पडला तर आई जेवणार नाहीत, एवढं साधं आहे. तू शहरात राहतेस, चार माणसांत वावरतेस. हे निरोप कुठे नीट, स्वस्तात आणि भरवशाच्या जागी ठेवता येतील ते बघ. तुझा दादा याक घेऊन वर गेलाय, तो नोव्हेंबरशिवाय उतरत नाही. मला सुचत नाही. दमले आहे.

तुझी वहिनी,
अनिपा

•

बिश्केक,
९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

बरणी एकच पोचली. कुबात म्हणतो दुसरी खड्ड्यात फुटली. त्याच्या मिशीला मुरंबा होता.

तू सांगितलेलं काम आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतेय. दिवसा दाताच्या कवळ्या घासायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत क्लाउड शोधायचा. ऐक. एक मोठी परदेशी कंपनी आहे. थोडी जागा फुकट, पुढे महिन्याला डॉलर. पण त्यांना माझं कार्ड पसंत नाही, दोनदा नाकारलं. दुसरी शेजारच्या देशातली, स्वस्त. तिथे आमच्या दवाखान्यातल्या नाझगुलनं लेकीचे फोटो ठेवले होते, ते एक दिवस उघडेनात, आणि विचारायला पलीकडे माणूसच नाही. तिसरी म्हणते सगळंच फुकट. त्याची मला जास्त भीती वाटली. बाबांचा आवाज ऐकवून उद्या कुणी चहापत्ती विकायला लागलं तर?

शेवटी इथलीच एक लहान कंपनी निवडली. नाव 'कोक सांदिक', निळी पेटी. तुझ्या लग्नात आलेली सांदिक आठवली बघ, जिची किल्ली आईनं पहिलं वर्षभर स्वतःच्या कमरेला ठेवली होती. इथे तसं नाही. किल्ली आपल्याकडे, त्यांनाही उघडता येत नाही म्हणतात. वर्षाचे पैसे एकदाच, आपल्याच चलनात, सोममध्ये, कोपऱ्यावरच्या यंत्रात भरता येतात. मी जाऊन पाहून आले. दोन मुली, एक कुंडी आणि शिक्का मारलेली पावती. शिक्का बघून मला बरं वाटलं.

खातं तुझ्या नावानं आणि तुझ्या नंबरावर उघडलंय, कारण वापरणार तू. किल्लीचा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर आहे. किल्ली हरवली तर ते फोनवर एक गुप्त प्रश्न विचारतात. मी 'घरातल्या थोरल्या माणसाचं नाव' हा निवडला. उत्तर बाबांचं नाव, तोक्तोनाली. हे तर तू झोपेतही विसरणार नाहीस.

आईला माझा नमस्कार. कवळी टोचते का विचार.

तुझी
बुरुल (तुझ्यासाठी एर्के, चाळिशी उलटली तरी)

•

अत्-बाशी,
२२ सप्टेंबर

प्रिय एर्के,

झालं काम. शेजारच्या झियादाला आईंपाशी बसवलं आणि फुगलेला फोन रुमालात गुंडाळून शाळेत नेला. तिथलं नेट बरं आहे. मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट निरोप वर गेले. सातवीच्या वर्गाला नद्या शिकवायच्या होत्या, त्यांना नकाशा रंगवायला बसवलं. सगळं वर गेल्यावर पडद्यावर विचारलं, वर गेलेलं फोनमधून काढू का? फोनला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मी हो म्हटलं.

आता आईंच्याच फोनवर निरोप तिथून उघडून ऐकवते. जरा वेळ लागतो, गोल फिरत राहतं. आई तोवर चमचा हातात धरून वाट बघतात, आणि ते बघवत नाही.

तुझा तो गुप्त प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग आठवलं, उत्तर द्यायची वेळ आली तर ते सुनेला द्यावं लागेल. पण किल्लीची चिठ्ठी मी माझ्या सांदिकमध्ये ठेवली आहे, ती काही हरवत नाही. तेव्हा जाऊ दे.

कवळी टोचत नाही. काढून ठेवतात आणि सापडत नाही, एवढंच. काल पिठाच्या डब्यात सापडली.

एक लिहू का? पैसे भरलेस, धावपळ केलीस, बरं केलंस. पण मे महिन्यात दोन दिवस राहून गेलीस ती गेलीसच. कंपनी निवडून दिली म्हणजे लेकीचं काम संपलं असं नाही. रागावलीस तर रागाव. आज सकाळपासून तीनदा चादरी धुतल्या आहेत, आज मला गोड लिहिता येणार नाही.

अनिपा

•

बिश्केक,
३० सप्टेंबर

वहिनी,

कामाची गर्दी आहे. दोघी सुट्टीवर गेल्यात. ऑक्टोबरात नक्की येते.

आणि मी वाचलं ते खरं का, फोनमधलं सगळं पुसलंस? मौल्यवान वस्तू दोन ठिकाणी ठेवायची असते, वहिनी. असो. मी इथे माझ्या संगणकावर सगळे उतरवून घेते, म्हणजे काळजी नको.

सोबत आईसाठी लोकरीचे मोजे आणि तुझ्यासाठी हाताला लावायचं मलम.

बुरुल

•

अत्-बाशी,
१९ ऑक्टोबर

एर्के,

ऑक्टोबर अर्धा संपला. तू आली नाहीस ते राहू दे. हे पत्र नीट वाच.

बुधवारी आईंचा फोन कायमचा गेला. मी तुझ्या दादाचा जुना फोन काढला, माझं सिमकार्ड त्यात घातलं आणि चिठ्ठी बघून किल्लीचा शब्द भरला. चुकला म्हणाला. पुन्हा भरला. चिठ्ठीवर मुरंबा सांडून दोन अक्षरं गेली होती, माझीच हलगर्जी. पाचव्यांदा पेटी बंद झाली. परका फोन, चुकीची किल्ली, म्हणून चोर समजले मला. आता गुप्त प्रश्नाचं उत्तर खातेदारानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नंबरावरून सांगायचं. तीनदा चुकलं की खातं बंद. तीस दिवसांत जमलं नाही तर सगळं पुसणार.

मी फोन केला. एका मुलीनं उचलला, आवाज गोड. "ताई, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव सांगा."

मी म्हटलं, "पांढऱ्या घोड्याचे."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामंजींना तेच म्हणत आले, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "चुकलं, ताई."

मी म्हटलं, "माझे सासरे."

"तेही चुकलं."

मी विचारलं, "मुली, तुझं लग्न झालंय का?"

"झालंय, ताई. मला कळतंय. पण समोरच्या यंत्राला नाही कळत. तिसरी वेळ आत्ता वाया घालवू नका, विचार करून फोन करा."

मी फोन ठेवला. एर्के, मी ते नाव आजवर घेतलेलं नाही. लिहिलेलंही नाही. लेकीच्या दाखल्यावर आजोबांचं नाव लिहायचं होतं तेव्हा मी पेन तुझ्या दादाच्या हातात दिलं होतं. लग्नानंतर महिन्याभरानं एकदा चुकून अर्धं नाव तोंडातून निसटलं. आईंनी तीन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, पण अजून आठवलं की कान तापतात.

दुसऱ्या कुणाला बोलायला लावू म्हणशील, तर सगळी गल्ली याच कुळाच्या सुनांची आहे. झियादाला विचारलं, तिनं डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात घातला. पुरुषाचा आवाज चालत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलीला खोटं बोलायला लावायचं, तर उद्या तिच्यासमोर खडू कसा धरू?

तू उतरवून घेतलेले निरोप ताबडतोब कुबातबरोबर पाठव. चार दिवस झाले. आई चहाचे दोन घोट घेतात आणि तोंड फिरवतात. दाराकडे बघत बसतात.

अनिपा

•

बिश्केक,
२१ ऑक्टोबर

वहिनी,

मी उतरवून घेतले नाहीत. उद्या करू म्हणत राहिले. माझ्याकडे एकही नाही.

आज कामावरून सुट्टी घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसले. म्हटलं मी लेक आहे, ते माझ्या वडिलांचं नाव आहे, हा माझा पासपोर्ट. ते म्हणाले खातं तुमचं नाही. भरवशाची कंपनी हवी होती ना मला, घ्या भरवसा! माझ्या तोंडावर दार लावण्याइतकी ती भरवशाची निघाली.

आता मी तुला स्पष्ट सांगते. तू भूगोल शिकवतेस. वर्गात पोरांना पृथ्वी गोल आहे सांगतेस आणि घरी एक नाव घ्यायला घाबरतेस? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ज्या आईनं तुला ते शिकवलं तिला आज तू कोण हेही माहीत नाही. तू नाव घेतलंस तर ऐकणार कोण आणि रागावणार कोण? आई उपाशी आहे, वहिनी. एका शब्दासाठी उपाशी आहे. घेऊन टाक.

बुरुल

•

अत्-बाशी,
२७ ऑक्टोबर

एर्के,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. उत्तरही लिहिलं होतं, ते चुलीत घातलं. त्यात तुला बरंच काही म्हटलं होतं. कुणी रागावणार नाही म्हणून नाव घेता येतं, असं तुला वाटतं. अगं, रागावणारं माणूस होतं तोवर सोपं होतं. ते माणूस आता नाही, म्हणून तर ते पाळणारी मी एकटी उरले होते. मीही सोडलं तर मी या घरात खरोखरच डॉक्टरीणबाई.

पण शनिवारी सकाळी आईंना उठवायला गेले तर त्यांचा हात हातात घेतल्यावर हाडंच लागली. मग ठरवलं.

म्हटलं गोठ्यात जाऊन बोलावं, तिथे ऐकायला गाय तेवढी. पण गोठ्यात रेंज नाही. अंगणात नाही, कोठारावर चढले तिथेही नाही. यायचं खिडकीपाशीच. आईंच्या मांडीला मांडी लावून बसले. त्या बाहेर बघत होत्या. मी आधीच म्हटलं, "आई, माफ करा." त्यांनी मान वळवली नाही.

फोन त्याच मुलीनं उचलला. मी डोळे मिटून नाव घेतलं. ती म्हणाली, "ताई, ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं."

मग मी मोठ्यानं घेतलं. इतक्या मोठ्यानं की माझाच आवाज मला परका वाटला.

आणि मागून आवाज आला, "केलिन!"

एर्के, माझ्या हातातून फोन पडला. वर्ष होत आलं, मला कुणी सून म्हणून हाक मारली नव्हती. आई ताठ बसल्या होत्या, डोळे माझ्यावर, अगदी जुने डोळे. "सासऱ्याचं नाव? माझ्या घरात? शाळेत शिकवतेस म्हणून जिभेला लगाम नको? तुझ्या आईबापानं हेच शिकवून पाठवलं का?" शब्दन् शब्द तोच, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. मला रडू कोसळलं. आणि सांगायला लाज वाटते, पण रडताना मी हसत होते.

खाली पडलेल्या फोनातून ती मुलगी सांगत होती, "ताई, उत्तर बरोबर आहे, पेटी उघडली." मग म्हणाली, "आणि आधी त्यांची माफी मागा."

मी उठले आणि नव्या सुनेसारखी वाकून नमस्कार केला. आईंनी बराच वेळ मला तसंच वाकलेलं ठेवलं. मग म्हणाल्या, "बस झालं. चहा ओत." आईंकडे बघत ओतला, कप जास्त भरला. लगेच ओरडल्या, "काठोकाठ? मला घरातून घालवतेस की काय?" पाहुण्यानं आता निघावं म्हणूनच आपण कप काठोकाठ भरतो, हेही त्यांना त्या क्षणी आठवत होतं. मी अर्धा ओतून दिला. त्यात कणकेचे तळलेले बोरसोक बुडवून त्यांनी चार खाल्ले. निरोप न लावता. माझ्या हातून, एर्के, माझ्या सांगण्यावर.

मग विचारलं, "बुरुल कुठंय? शाळेतून आली नाही अजून?"

मी म्हटलं, "येईल."

पाव तास टिकलं असेल. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुम्ही का रडताय?"

संध्याकाळी मामंजींचा निरोप लावला, त्यावर त्या रोजच्यासारख्या जेवल्या. एकसष्टही निरोप परत आले आहेत. मी शाळेत जाऊन ते एका पेनड्राइव्हवर घेतले आणि माझ्या सांदिकमध्ये टाकले. दुसरा पेनड्राइव्ह सोबत आहे. तो संगणकात घाल, पर्समध्ये ठेवून फिरू नकोस.

अनिपा

•

बिश्केक,
३० ऑक्टोबर

वहिनी,

पेनड्राइव्ह मिळाला. सगळे निरोप उतरवले, दोनदा मोजले. मग दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून बाबांचा एकच ऐकला, पुढचे ऐकवेनात.

तू मला टोमणे मारत होतीस, मी कामाचं कारण सांगत होते. काम नव्हतं. मे महिन्यात आले होते तेव्हा दुसऱ्या दिवशी तू गोठ्यात गेलीस आणि आईनं स्वतः उठून मला चहा ओतून दिला. काठोकाठ. कप माझ्यासमोर ठेवला आणि हसून म्हणाली, "लांबून आलात, अंधार पडायच्या आत निघा." मी तो चहा प्यायले आणि त्याच दुपारची गाडी पकडली. तुला सांगितलं, दवाखान्यातून फोन आला. त्यानंतर मी पैसे पाठवत राहिले, मोजे पाठवत राहिले, क्लाउड शोधत राहिले. तुला वाटलं मी जबाबदारी झटकतेय. मी त्या कपापासून पळत होते.

आणि तिनं मला विचारलं. शाळेतून आली का म्हणून विचारलं. ती ओळ मी इतक्यांदा वाचलीय की कागद घडीवर फाटायला आलाय.

तुला चिडून जे लिहिलं ते चुकलं. रागावणारं माणूस नाही असं मी लिहिलं होतं. होतं ते माणूस. माफ कर.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या गाडीनं येते, दहा दिवसांसाठी. कंपनीशी बोलले आहे. तू एक फोन केलास की तो गुप्त प्रश्न बदलून मिळेल. आवडती नदी, पहिली शाळा, काहीही ठेवता येईल. तुला पुन्हा ते नाव घ्यावं लागणार नाही.

तुझी एर्के

•

अत्-बाशी,
२ नोव्हेंबर

प्रिय एर्के,

कुबात उद्या पहाटे निघतोय, म्हणून चारच ओळी. येताना मऊ बिस्किटं आण, मोठ्या मापाच्या चादरी आण, आणि कवळी घट्ट बसवायचं ते चिकट औषध. तुझा दादाही या आठवड्यात खाली उतरेल. मी दोन दिवस फक्त झोपणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आई तुला ओळखतील असं मी म्हणत नाही. पण काठोकाठ भरून दिला तर पिऊन टाक आणि कप पुन्हा पुढे कर. परत भरला तर परत पी. पळू नकोस.

तो गुप्त प्रश्न मात्र बदलायला लावू नकोस, उत्तर आहे तेच राहू दे. आईंशेजारी बसून ते मोठ्यानं घ्यायला मला आणखी एकदा निमित्त लागेल.

तुझी वहिनी,
अनिपा